नेट ये-जा करत असेल तर फेचमेलची मांडणी कशी करावी?

काजूबोंडू (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

राजापूर तालुक्यातील एका गावात आमचा काजू सोलणीचा लहान उद्योग आहे आणि त्याचे कार्यालय म्हणजे आमच्याच घराची पडवी. पडवीत तीन संगणक आहेत. त्यांपैकी एकावर डेबियन लिनक्स आहे. तो फेचमेलने बाहेरच्या सर्व्हरवरचे टपाल उतरवून घेतो, त्याच संगणकावरच्या पोस्टफिक्स या टपाल पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅमकडे सोपवतो आणि उरलेले दोन संगणक डव्हकॉटमार्फत ते वाचतात. आपापसातले जाळे अखंड चालू असते, कारण त्याला बाहेरच्या नेटची गरज नाही. बाहेरचे नेट मात्र माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आहे, म्हणजे मी बाजाराला गेलो की नेटही माझ्या खिशातून बाजाराला जाते. शिवाय वीज गेली की थोड्या वेळाने मनोऱ्याची बॅटरी उतरते आणि रेंज जाते. पावसाळ्यात हे किती वेळा होते ते कोकणातल्या मंडळींना सांगायला नको.

सध्याची मांडणी साधी आहे. फेचमेल डीमन म्हणून, म्हणजे पडद्याआड सतत, चालतो, दर ३०० सेकंदांनी सर्व्हरकडे विचारणा करतो, आयमॅप (टपाल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याची पद्धत) वापरतो आणि ‘कीप’ लिहिलेले असल्यामुळे मूळ प्रती सर्व्हरवर राहतात. या मांडणीबद्दल माझ्या तीन तक्रारी आहेत.

पहिली अशी की दोन-तीन दिवसांनी फेचमेल गप्प बसतो. प्रक्रियांच्या यादीत तो जिवंत दिसतो, नेट व्यवस्थित असते, पण एकही पत्र उतरत नाही. यंत्र बंद करून चालू केले की पुन्हा सुरळीत.

दुसरी तक्रार अधिक त्रासाची आहे. काही पत्रे कार्यालयातल्या संगणकावर कधी येतच नाहीत. मागच्या महिन्यात कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याची मागणी मी एसटी स्टँडवर बसून मोबाइलवर वाचली आणि घरी फोन करून वहिनींना सांगितले की बिल तयार करा. वहिनींनी तासभर शोधले, पत्र नव्हते. सर्व्हरवर ते आहे, माझ्या मोबाइलमध्ये आहे, फक्त पडवीत नाही.

तिसरी गोष्ट जुनी आहे. आयमॅपकडे वळण्यापूर्वी मी पॉप३ (टपाल उतरवून घेण्याची साधी पद्धत) वापरत होतो, तेव्हा ‘कीप’ नव्हते. मध्येच रेंज गेली की पुढच्या वेळी तीच पंचवीस-तीस पत्रे पुन्हा उतरत. त्या वैतागानेच मी आयमॅपकडे वळलो होतो.

नेट कायम असेल असे गृहीत न धरता ही मांडणी कशी करावी, याचे मार्गदर्शन हवे आहे.

जुना मोडेम

काजूबोंडू, तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून एकेक घेतो. आधी एक खुलासा: आज्ञा मी येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे, फाइलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत, आणि फेचमेलच्या आज्ञा लहान अक्षरांत टंकाव्यात.

फेचमेल गप्प बसतो याचे कारण त्याच्या पुस्तिकेतच आहे. सर्व्हरकडून ठरावीक वेळात उत्तर आले नाही की तो टाइमआउट मोजतो, आणि असे लागोपाठ फार वेळा झाले की ‘ही जोडणी अडकली आहे’ असे ठरवून त्या सर्व्हरचा नाद सोडतो. तसे झाल्याचे तो वापरणाऱ्याला पत्रानेही कळवतो, पण ते पत्र त्याच संगणकावरच्या स्थानिक खात्यात पडते आणि तिकडे कोणी फिरकत नाही. तुम्ही डेबियनवर ज्या खात्याने फेचमेल चालवता त्या खात्याची पेटी एकदा उघडून पाहा. तिथे अशी पत्रे साचलेली असतील, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. हॉटस्पॉटची वायफाय चालू, पण पलीकडे मनोरा मेलेला, ही स्थिती टाइमआउट गोळा करायला अगदी सोयीची असते.

अडकलेल्या डीमनला जागे करण्यासाठी यंत्र बंद करावे लागत नाही. डीमन चालू असताना त्याच खात्यातून नुसते ‘फेचमेल’ म्हटले की दुसरी प्रत सुरू होत नाही; पहिल्या प्रतीला उठवण्याचा संकेत जातो, आणि उठल्यावर ती सगळ्या सर्व्हरना नव्याने संधी देते. पण माझे स्पष्ट मत असे आहे की तुमच्याकडे डीमन नकोच. घड्याळाकडे पाहून टपाल आणणे हे कायम नेट असलेल्या यंत्राचे काम. तुमच्या यंत्राने नेट आल्याची चाहूल लागली की टपाल आणावे आणि एरवी स्वस्थ बसावे. फेचमेलची पुस्तिका स्वतःच सांगते की हा प्रोग्रॅम स्लिप आणि पीपीपीसारख्या गरजेपुरत्या जोडण्यांसाठी आहे. मोडेमच्या दिवसांत आम्ही पीपीपीच्या ‘आयपी-अप’ या स्क्रिप्टमध्ये फेचमेलची एक ओळ टाकत असू; फोन लागला की टपाल उतरायचे, आणि मिनिटाचे पैसे मोजत असल्यामुळे उतरून झाले की लगेच फोन ठेवायचा. तुमची स्थिती तीच आहे, फक्त मोडेमच्या जागी खिशातला मोबाइल आला आहे.

आज ते काम नेटवर्कमॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा डिस्पॅचर करतो. ईटीसीमधील नेटवर्कमॅनेजरच्या फोल्डरात ‘डिस्पॅचर.डी’ नावाचा फोल्डर असतो. त्यात ठेवलेल्या स्क्रिप्टला जोडणी बदलली की हाक मारली जाते; पहिला शब्द नेटवर्क इंटरफेसचे नाव आणि दुसरा घटना. स्क्रिप्टचा मालक रूट, म्हणजे यंत्राचे मुख्य खाते, असावा लागतो, ती चालवण्याजोगी असावी लागते आणि इतर कोणाला तिच्यात लिहिण्याची मुभा नसावी, नाहीतर नेटवर्कमॅनेजर तिला हात लावत नाही. आता महत्त्वाचे असे की ‘अप’ या घटनेवर विसंबू नका, कारण हॉटस्पॉटची वायफाय लागली याचा अर्थ नेट आले असा होत नाही. ‘कनेक्टिव्हिटी-चेंज’ ही घटना धरा, आणि सोबत येणारी कनेक्टिव्हिटीची स्थिती ‘फुल’ असेल तरच पुढे जा. डेबियनवर ही तपासणी आपोआप चालू नसते. त्यासाठी ‘नेटवर्क-मॅनेजर-कॉन्फिग-कनेक्टिव्हिटी-डेबियन’ हे पॅकेज बसवावे लागते. स्क्रिप्टमध्ये फेचमेल थेट चालवू नये, कारण ती स्क्रिप्ट लवकर संपणे अपेक्षित असते. तिथून फक्त सिस्टमडीची (यंत्रावरच्या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेची) एक सेवा न थांबता सुरू करावी आणि फेचमेल त्या सेवेत, तुमच्या साध्या खात्याने चालावा.

सेवा लिहिताना एक खोच आहे. फेचमेल संपताना एक आकडा परत करतो: पत्रे मिळाली तर ० आणि नवे पत्र नसले की १. सिस्टमडीच्या दृष्टीने १ म्हणजे अपयश, म्हणून टपाल नसलेल्या प्रत्येक वेळी सेवा लाल दिसू लागते. ‘सक्सेसएक्झिटस्टेटस’ मध्ये १ लिहिले की ही कटकट संपते.

आता दुसऱ्या तक्रारीकडे वळू, कारण खरे दुखणे तेच आहे. आयमॅपवर फेचमेल ‘नवे पत्र’ कशाला म्हणतो? ज्याच्यावर ‘वाचले’ अशी खूण नाही त्याला. ही खूण सर्व्हरवर असते आणि सगळ्यांसाठी एकच असते. तुम्ही एसटी स्टँडवर पत्र उघडले त्या क्षणी ते वाचलेले झाले. संध्याकाळी पडवीतल्या फेचमेलने विचारले तेव्हा त्याच्या लेखी ते जुने होते. त्याने काही चुकवले नाही, त्याला तसेच शिकवलेले आहे. ‘फेचऑल’ लिहिले तर वाचलेलीही उतरतील, पण ‘कीप’ असताना ‘फेचऑल’ म्हणजे दर वेळी सगळी पेटी पुन्हा उतरणार. तो मार्ग तुमच्या डेटा पॅकला झेपणारा नाही.

म्हणून मी तुम्हाला पुन्हा पॉप३कडे नेतो, पण ‘कीप’ आणि ‘यूआयडीएल’ सोबत. यूआयडीएलमध्ये सर्व्हर प्रत्येक पत्राला एक कायमची ओळख देतो आणि कोणत्या ओळखीची पत्रे आपण उतरवली याची नोंद फेचमेल स्वतःच्या संगणकावर, ‘.फेचआयडीज’ या फाइलमध्ये ठेवतो. मोबाइलवर पत्र दहा वेळा वाचले तरी त्या वहीत फरक पडत नाही. त्या फाइलची प्रत मात्र अधूनमधून कुठेतरी ठेवत जा; ती हरवली तर फेचमेलला सगळी पेटी नवी वाटेल.

तुमच्या जुन्या वैतागाचे कारणही पॉप३च्या नियमात आहे. पॉप३मध्ये ‘हे पत्र पुसा’ असे सांगितले तरी सर्व्हर ते लगेच पुसत नाही. शेवटी ‘क्विट’ म्हणून रीतसर निरोप घेतला की मगच सगळी पुसापुशी होते. मध्येच रेंज गेली तर निरोप राहून जातो, एकही पत्र पुसले जात नाही आणि पुढच्या वेळी तीच पत्रे पुन्हा उतरतात. यात टपाल हरवत नाही, दुबार येते, आणि ही रचना मला योग्यच वाटते. तुम्हाला कधी सर्व्हरवर प्रत ठेवायची नसेल तर ‘एक्सपंज ५’ असे लिहा; मग फेचमेल दर पाच पत्रांनंतर निरोप घेऊन पुन्हा जोडणी करतो आणि दुबार आलीच तर पाच-एक पत्रेच येतात. तुमच्याकडे ‘कीप’ असल्यामुळे पुसणे नाही, त्यामुळे तोच परिणाम ‘फेचलिमिट’ने साधावा: एका फेरीत पंधरा पत्रे उतरवायची, निरोप घ्यायचा, पुन्हा यायचे. मर्यादा गाठल्यामुळे फेरी संपली तर फेचमेल १३ परत करतो, म्हणून सेवेच्या छोट्या स्क्रिप्टमध्ये ‘१३ आले तर पुन्हा चालव’ एवढा फेरा घातला की झाले.

फाइल साधारण अशी दिसेल:

सेट नो बाउन्समेल
सेट पोस्टमास्टर "काजू"
पोल (सर्व्हरचे नाव) प्रोटोकॉल पॉप३ यूआयडीएल टाइमआउट ६०
यूझर "(बाहेरचे खाते)" देअर विथ पासवर्ड "(पासवर्ड)" इज "काजू" हिअर
एसएसएल एसएसएलसर्टसीके कीप फेचलिमिट १५ लिमिट ३००००००

क्रम बदलू नका. सर्व्हरचे पर्याय, म्हणजे यूआयडीएल आणि टाइमआउट, ‘यूझर’च्या आधी यावे लागतात, नंतर लिहिले तर फेचमेल फाइल वाचतानाच तक्रार करून थांबतो. टाइमआउट मुळात ३०० सेकंदांचा असतो, तो मी ६० केला आहे, कारण मेलेल्या जोडणीपुढे पाच मिनिटे हात जोडून उभे राहण्यात अर्थ नाही. ‘सेट नो बाउन्समेल’ अवश्य ठेवा. ती ओळ नसली तर तुमच्या पडवीतल्या बिघाडाची पत्रे कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला जातील. फाइलची परवानगी ६०० ठेवा. मालकाखेरीज कोणाला वाचता येत असेल तर फेचमेल चालायलाच नकार देतो, आणि आत पासवर्ड असल्यामुळे ते योग्यही आहे.

‘लिमिट’ म्हणजे ३० लाख बाइटपेक्षा मोठी पत्रे सर्व्हरवरच राहू द्यावीत. अशी पत्रे थांबली असल्याची सूचना फेचमेल पाठवतो. रात्री फोन घरीच चार्जिंगला असतो तेव्हा आज्ञेतच ‘लिमिट ०’ देऊन एक फेरी मारावी. त्यामुळे फाइलमधली मर्यादा तेवढ्यापुरती रद्द होते. मात्र ‘लिमिटफ्लश’ नावाचा जो सख्खा शेजारी आहे त्याच्या वाटेला जाऊ नका, तो मोठी पत्रे सर्व्हरवरून पुसतो.

अंतर्देशीय

जुना मोडेम यांचे निदान मला पटते, पण औषधाबद्दल थोडा मतभेद आहे.

पॉप३, ‘कीप’ आणि यूआयडीएल यांचा मेळ पेटी लहान असेपर्यंत उत्तम चालतो. सर्व्हरवरची पत्रे कधीच पुसायची नाहीत असे ठरले की यादी वाढत जाते, आणि दर फेरीला ती सगळी यादी उतरते. एक ओळख ७० अक्षरांपर्यंत लांब असू शकते. पेटीत १०,००० पत्रे असतील तर सर्वांत वाईट स्थितीत एकही नवे पत्र नसताना सात-आठशे किलोबाइट खर्ची पडतील, आणि वर सुचवलेल्या पद्धतीत पंधरा पत्रांच्या प्रत्येक फेरीला हाच खर्च पुन्हा होईल. ‘फास्टयूआयडीएल १’ लिहिले तर फेचमेल संपूर्ण यादी न मागता, शब्दकोशात शब्द शोधतो तसा, निम्मे-निम्मे करत पहिले नवे पत्र शोधतो. हा पर्याय मुळात ४ असतो, पण त्याचा लाभ डीमनला मिळतो; डीमन नसताना तो १ असेल तरच हा शोध चालतो. या शोधात ‘जुनी सगळी आधी, नवी सगळी नंतर’ असे गृहीत धरलेले असते, म्हणून मोठे म्हणून मागे राहिलेले पत्र नजरेतून सुटू शकते. रात्रीच्या ‘लिमिट ०’ फेरीला ‘फास्टयूआयडीएल ०’ जोडावे, म्हणजे पूर्ण यादी दिवसातून एकदाच तपासली जाईल.

मी स्वतः अशा ठिकाणी फेचमेल सोडून आयसिंक, म्हणजे त्यातला ‘एमबीसिंक’ हा प्रोग्रॅम वापरतो. तो आयमॅपच वापरतो, पण ‘वाचले’ या खुणेवर अवलंबून राहत नाही. आयमॅपमध्ये प्रत्येक पत्राला असलेला क्रमांक पाहतो आणि कोणते क्रमांक आपल्याकडे आले याची नोंद ठेवतो. मध्येच जोडणी तुटली तरी जिथे थांबला तिथून पुढे चालू होतो. शिवाय मोबाइलवर वाचलेले पत्र पडवीतही वाचलेलेच दिसते, जे पॉप३ने कधीच होणार नाही. फक्त तो मुळात दोन्ही बाजू जुळवणारा आहे, हे लक्षात ठेवून पुसण्याचा पर्याय, ‘एक्सपंज’, ‘नन’ असाच ठेवावा. नाहीतर पडवीत कोणी सफाई केली की तीच सफाई सर्व्हरवर आणि तुमच्या मोबाइलवरही होईल. पोस्टफिक्सला वळसा पडतो, पत्रे थेट मेलडिर या टपालाच्या फोल्डरात जातात आणि डव्हकॉट ती तिथूनच वाचतो.

काजूबोंडू, तुमच्याकडे पोस्टफिक्स व्यवस्थित चालू असेल आणि आलेले पत्र दोघा-तिघांत वाटायचे असेल तर फेचमेल ठेवा. एकाच खात्याचे टपाल सगळे वाचत असतील तर एमबीसिंक पाहा.

फेचमेल ठेवणार असाल तर पोस्टफिक्सची एक मर्यादा आधी तपासा. पोस्टफिक्स मुळात १,०२,४०,००० बाइटपेक्षा मोठे पत्र घेत नाही. जोडलेली फाइल पत्रात घालताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे आठ मेगाबाइटचे छायाचित्र जोडले तरी ही मर्यादा ओलांडली जाते. रात्रीच्या फेरीत असे पत्र आले, पोस्टफिक्सने ५५२ हा आकडा देऊन ते नाकारले, तर फेचमेलच्या पुस्तिकेप्रमाणे ते सर्व्हरवरून पुसले जाण्याचा धोका असतो. ‘मेसेज_साइझ_लिमिट’ पाच कोटी करा. त्यासोबत ‘मेलबॉक्स_साइझ_लिमिट’ त्याहून लहान नाही ना, हेही पाहा, कारण पेटीची मर्यादा पत्राच्या मर्यादेपेक्षा लहान असलेली पोस्टफिक्सला चालत नाही.

काजूबोंडू

दोघांचेही आभार. स्थानिक पेटी उघडली. जुना मोडेम म्हणाले तशी अडकल्याची एकोणीस पत्रे होती, सर्वांत जुने मागच्या श्रावणातले.

पत्रे आम्हाला तिघांत वाटायची असतात, म्हणून फेचमेलच ठेवला. ‘सर्व्हरचा पर्याय नंतर आला’ ही तक्रार मी पाहून घेतली, कारण टाइमआउट मी शेवटी लिहिला होता. क्रम बदलल्यावर चालले. डिस्पॅचरची स्क्रिप्टही चालते. फोन पडवीत आला की साधारण अर्ध्या मिनिटात पत्रे उतरू लागतात. कोल्हापूरचे पत्रही पहिल्याच फेरीत आले, अर्थात आता बिल पाठवून झाले आहे.

एक नवा प्रश्न उभा राहिला. काल रात्री वीज बराच वेळ नव्हती आणि इन्व्हर्टरही बसला. सकाळी यंत्र चालू केले, नेट आले, पण फेचमेलने पत्रे घेतली नाहीत. लॉगमध्ये प्रमाणपत्र ‘अजून वैध झालेले नाही’ अशा अर्थाची ओळ होती. दहा मिनिटांनी मी हाताने चालवले तर चालले. ‘एसएसएलसर्टसीके’ (सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासायला लावणारा पर्याय) काढून टाकावे का?

आणि जाणारी पत्रे? नेट नसताना वहिनींनी पत्र पाठवले तर ते पोस्टफिक्सच्या रांगेत राहते, पण नेट आल्यावर लगेच जात नाही, कधीकधी तासभर लागतो.

जुना मोडेम

‘एसएसएलसर्टसीके’ काढू नका. ते पर्याय म्हणून काढता येते म्हणून काढायचे, असे करून पासवर्ड भलत्याच्या हाती देण्यापेक्षा शंभर रुपयांच्या आतले काम करा: मदरबोर्डवरचा गोल सेल बदला. त्यावर सीआर२०३२ असे लिहिलेले असेल, घड्याळजीकडे मिळतो. तो उतरला की वीज पूर्ण गेल्यावर संगणकाचे घड्याळ काही वर्षे मागे जाते, आणि गेल्या महिन्यात दिलेले प्रमाणपत्र त्या घड्याळाला भविष्यातले वाटते. नेट आल्यावर वेळ जुळवणारी सेवा घड्याळ सरळ करते, पण तुमचा डिस्पॅचर तिच्याशी शर्यत लावतो आणि जिंकतो. ‘अजून वैध झालेले नाही’ या ओळीचा दुसरा अर्थ क्वचितच असतो. सेल बदलला तरी सेवेच्या स्क्रिप्टमध्ये ‘घड्याळ जुळले का’ हे पाहून मगच फेचमेल चालवावा. ‘टाइमडेटसीटीएल’ ते सांगतो. मिनिटभर वाट पाहूनही जुळले नाही तर तशी ओळ लॉगमध्ये टाकून थांबावे.

जाणाऱ्या टपालाबद्दल: पत्र एकदा अडले की पोस्टफिक्स पुन्हा प्रयत्न करण्यामधले अंतर वाढवत नेतो, म्हणून नेट आले तरी त्याची पाळी यायला वेळ लागतो. अशा यंत्रासाठी पोस्टफिक्समध्ये ‘डिफर_ट्रान्सपोर्ट्स’ हा पर्याय आहे. त्यात ‘एसएमटीपी’ लिहिले की बाहेर जाणारी पत्रे प्रयत्न न करता सरळ रांगेत बसतात. मग नेट आले की ज्या सेवेत फेचमेल चालतो तिथेच, त्याच्या आधी, ‘सेंडमेल -क्यू’ ही एक ओळ टाकावी. मी जाणारे आधी पाठवतो, येणारे नंतर घेतो. जाणारी पत्रे सहसा लहान असतात आणि रेंज किती वेळ टिकेल याचा भरवसा नसतो.

पत्र पाच दिवस रांगेत राहिले तर पोस्टफिक्स ते परत पाठवतो. गणपतीत कार्यालय आठवडाभर बंद ठेवणार असाल आणि यंत्र चालूच राहणार असेल तर ‘मॅक्झिमल_क्यू_लाइफटाइम’ दहा दिवस करून ठेवा.

अंतर्देशीय

वरच्या उत्तराला एक पुरवणी. फेचमेल चालवणारे खाते साधे असेल तर त्याला ‘सेंडमेल -क्यू’ चालवता येईल की नाही हे पोस्टफिक्सच्या परवानग्यांवर अवलंबून असते. नाही चालले तर ती ओळ सिस्टमडीच्या वेगळ्या सेवेत, रूटच्या नावाने ठेवा आणि फेचमेलची सेवा तिच्या नंतर यावी असा क्रम लावा. फेचमेलला मात्र रूटच्या खात्यातून चालवू नका. पुस्तिकाही तेच सांगते.

काजूबोंडू

सेल बदलला. राजापूरच्या घड्याळजीने जुना सेल जिभेला लावून पाहिला आणि ‘गेला’ म्हणाला.

डिफर_ट्रान्सपोर्ट्स लावले, रांग सोडणारी सेवा वेगळी केली. आज दुपारी बाजारातून परत आलो, फोन पडवीच्या खिडकीत ठेवला. आधी वहिनींची चार पत्रे गेली, मग सव्वीस उतरली, दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीनंतर लॉगमध्ये १३ दिसले आणि दुसऱ्यानंतर ०. एक मोठे पत्र सर्व्हरवर राहिले आहे, त्याची सूचना आली. ते रात्री येईल. आता फक्त फोन रात्री पडवीतच चार्जिंगला लावायचे लक्षात ठेवावे लागेल, त्यासाठी चार्जरच तिथे खिळ्याला बांधला आहे.